ट्रिस्टनच्या बेटांवरचे उंदीर: एका न सुटलेल्या प्रश्नाचा आढावा

दक्षिण अटलांटिक महासागराच्या ऐन मध्यात ट्रिस्टन द कुन्हा हा ज्वालामुखी बेटांचा पुंजका आहे. जवळात जवळची मनुष्यवस्ती म्हणजे सेंट हेलेना, आणि तीही सुमारे २,४०० किलोमीटर दूर. केपटाऊन २,८०० किलोमीटरवर. विमानाची धावपट्टी नाही. केपटाऊनहून बोट निघाली की आठवडाभर नुसता समुद्र, आणि बेट दिसू लागलं तरी लाटा उसळलेल्या असतील तर उतरायला मिळेलच असं नाही. मुख्य बेटावर अडीचशेच्या आत माणसं राहतात. समुद्रपक्षी मात्र लाखांनी येतात, आणि त्यांतल्या काही जाती जगात दुसरीकडे कुठेच अंडी घालत नाहीत.

गेली वीसेक वर्षं या बेटांभोवती एक प्रश्न घोळतो आहे. माणसाच्या जहाजांतून आलेले उंदीर या पक्ष्यांची पिल्लं जिवंतपणी कुरतडून खातात. ते उंदीर समूळ नाहीसे करायचे का? करायचे तर कशाने? आणि जिथे माणसं राहतात तिथे हा निर्णय कुणाचा? २०२१ साली या पुंजक्यातल्या गफ बेटावर मोठी मोहीम झाली आणि ती फसली. त्यामुळे जो वाद जवळजवळ मिटत आला होता तो पुन्हा उघडा पडला आहे. त्यात आज कुठे एकमत आहे आणि कुठे नाही, हे एकदा नीट मांडून पाहायला हवं.

बेटं आणि त्यांची माणसं

पुंजक्यात चार मुख्य बेटं आहेत. वस्तीचं ट्रिस्टन बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला जवळजवळ गोल ज्वालामुखी. त्याचं शिखर २,०६२ मीटर उंच आहे आणि पायथ्याशी घरं बांधण्याजोगी सपाटी अगदी थोडी. तीस-चाळीस किलोमीटरवर इनॅक्सेसिबल आणि नाईटिंगेल ही दोन लहान बेटं. आणि दक्षिणेला सुमारे ४०० किलोमीटरवर, एकटं पडलेलं गफ: ६५ चौरस किलोमीटरचं, कडे-कपारी आणि दलदलीचं बेट. तिथे कायमची वस्ती नाही. १९५६ पासून दक्षिण आफ्रिकेचं हवामान केंद्र आहे, तिथले मूठभर कर्मचारी वर्षावर्षाने बदलतात.

बेटांना नाव मिळालं ते हिंदुस्थानच्या वाटेवर. १५०६ साली पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्ताव द कुन्हा आपला काफिला घेऊन पूर्वेकडे निघाला होता. त्याच काफिल्यात आफोंसो द आल्बुकेर्क होता, ज्याने पुढे चार वर्षांनी गोवा घेतला. केप ऑफ गुड होपला वळसा घालण्यासाठी गलबतं वाऱ्याच्या सोयीने अटलांटिकमध्ये खूप पश्चिमेला जात, आणि त्या वळणावर ही बेटं दिसली. समुद्र खवळलेला असल्याने द कुन्हा उतरला नाही. नाव मात्र देऊन गेला. पहिल्यांदा माणसं उतरल्याची नोंद १६४३ ची, डच जहाजातल्या खलाशांची.

वस्ती झाली ती नेपोलियनमुळे. त्याला सेंट हेलेनावर ठेवल्यावर सुटकेच्या कटासाठी कुणी ट्रिस्टनचा आडोसा घेईल, या भीतीने इंग्रजांनी १८१६ साली बेटावर सैन्याची तुकडी ठेवली. वर्षभरात ती परत गेली. स्कॉटलंडच्या केल्सो गावचा कॉर्पोरल विल्यम ग्लास मात्र बायकोमुलांसह मागे राहिला, सोबत दोन गवंडी. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्यांनी एक करार लिहिला: गुरं आणि सामान सगळ्यांचं समान, कुणी कुणाच्या वरचढ नाही. १८२७ मध्ये सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आल्या. पुढे फुटलेल्या जहाजांतले, व्हेलच्या शिकारी बोटींतले लोक मिसळत गेले. १८९२ साली इटलीचं एक जहाज फुटलं, त्यातले दोघे कामोल्यीचे खलाशी राहिले. ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेट्टो, लावारेल्लो ही आडनावं आजही गावात आहेत.

हा इतिहास उंदरांच्या प्रश्नाशी दोन ठिकाणी जुळतो. एक म्हणजे १८८२ चं वर्ष. ‘हेन्री बी. पॉल’ नावाचं अमेरिकन जहाज ट्रिस्टनच्या पूर्व किनाऱ्याला लागलं आणि त्यातले काळे उंदीर बेटावर उतरले. दुसरं, १९६१. त्या वर्षी ऑक्टोबरात गावाच्या अगदी शेजारी जमीन फाटून लाव्हा बाहेर आला. सगळी २६४ माणसं होड्यांतून नाईटिंगेलला, तिथून जहाजाने केपटाऊनला आणि पुढे इंग्लंडला गेली. लाव्ह्याने शेवंडांचा कारखाना आणि होड्या लावायचे किनारे गिळले. इंग्लंडमध्ये घरं होती, नोकऱ्या होत्या, सरकारची इच्छाही त्यांनी तिथेच राहावं अशी होती. तरी परत जायचं की नाही यावर मतदान झालं तेव्हा १४८ जणांनी जायचं म्हटलं, ५ जणांनी नाही. १९६३ मध्ये बहुतेक सगळे परतले. ट्रिस्टनचे लोक बाहेरून ठरवून आलेल्या योजनांकडे इतके सावधपणे का पाहतात, याची मुळं मला या मतदानात दिसतात.

एकटेपणात घडलेले जीव

या बेटांवर मूळचा एकही जमिनीवर फिरणारा सस्तन प्राणी नव्हता. सील किनाऱ्यावर येत तेवढेच. झाडंही मोजकी: फिलिका नावाचं, वाऱ्याने वाकलेलं ठेंगणं झाड, नेचे आणि उंच टसक गवत. त्यामुळे इथल्या पक्ष्यांना जमिनीवर, बिळात, गवताच्या बुडख्यात घरटं करण्यात कधी धोका नव्हता. लक्षावधी वर्षं तसा धोका नसला की त्याला तोंड द्यायची सवयही उरत नाही. पुढचा सगळा प्रश्न यातून उभा राहतो.

इनॅक्सेसिबलवरचा एक पक्षी पाहण्याजोगा आहे. आपल्याकडच्या फटाकडीच्या कुळातला, तळहातावर मावेल एवढा, चाळीसेक ग्रॅम वजनाचा, गडद तपकिरी. उडता न येणाऱ्या जिवंत पक्ष्यांत जगातला सर्वांत लहान. गवताच्या बुंध्यांखाली त्याच्या बोगद्यासारख्या वाटा असतात आणि तो त्यांतून उंदरासारखाच पळतो. १९२३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, तेव्हा हा एखाद्या बुडालेल्या भूखंडावरून चालत आला असावा असाही तर्क होता. २०१८ साली डीएनए तपासून स्पष्ट झालं की त्याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून उडत आले, सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी. उडणं इथे आल्यावर सुटलं. याच बेटावर काळ्या उंदरांची एक जोडी उतरली तर हा पक्षी किती वर्षं टिकेल, याचा हिशेब कुणालाही करवत नाही.

नाईटिंगेल आणि इनॅक्सेसिबलवरचे फिंच उत्क्रांतीच्या अभ्यासकांना प्रिय आहेत. दोन्ही बेटांवर एक जाडजूड चोचीचा आणि एक बारीक चोचीचा फिंच आहे. जाड चोचीचे फिलिकाची टणक फळं फोडतात. दोन्ही बेटांवर ही विभागणी स्वतंत्रपणे झाल्याचं केपटाऊन विद्यापीठाचे पीटर रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं. गालापागोसच्या फिंचांइतकी त्यांची कीर्ती झाली नाही, पण गोष्ट त्याच तोलाची आहे.

समुद्रपक्ष्यांची यादी लांब आहे. ग्रेट शिअरवॉटरच्या काही दशलक्ष जोड्या इथे येतात. त्या जातीची बहुतांश वीण इथेच होते. चष्मेवाला पेट्रेल फक्त इनॅक्सेसिबलवर, अटलांटिक पेट्रेल जवळजवळ फक्त गफवर. आणि ट्रिस्टन अल्बट्रॉस. याला बेटवासी गोनी म्हणतात. पंखांचा पसारा तीन मीटरचा, दोन वर्षांतून एकदा एकच अंडं, पिल्लू वाढायला आठ-नऊ महिने. एके काळी तो मुख्य बेटावरही होता. माणसांच्या शिकारीने तिथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत संपला. आज इनॅक्सेसिबलवरची एक-दोन घरटी सोडली तर त्याची सगळी वीण गफवर होते.

माणसाने जीव आणले तसे काही ठिकाणी ते गेलेही. इनॅक्सेसिबलवर डुकरं सोडलेली होती. १८७१ ते १८७३ या काळात तिथे राहिलेले स्टोल्टेनहॉफ हे दोन जर्मन भाऊ डुकरं आणि पेंग्विनची अंडी खाऊनच जगले. ‘चॅलेंजर’ या संशोधन जहाजाने त्यांना बाहेर काढलं. पुढे डुकरं तिथून संपली आणि चष्मेवाल्या पेट्रेलची संख्या सावरत गेली. उपरा प्राणी गेला की पक्षी परततात, या म्हणण्याला याच पुंजक्यातला हा पुरावा आहे आणि चर्चेत त्याचा दाखला नेहमी दिला जातो.

गफवर काय आढळलं

गफवर घरउंदीर आले ते एकोणिसाव्या शतकात, सील मारायला येणाऱ्या टोळ्यांच्या जहाजांतून. मांजर नाही, घुबड नाही, हिवाळ्यात खायला पिल्लं. उंदीर वाढत गेले, आकारानेही. आज गफचा उंदीर नेहमीच्या घरउंदराच्या जवळजवळ दीडपट भरतो. तरीही तो चाळीस ग्रॅमांच्या आतबाहेरचा. म्हणून बराच काळ कुणाला वाटलंच नाही की एवढासा प्राणी अल्बट्रॉसला धोका ठरू शकेल. बेटांवरचे धोकादायक प्राणी म्हणजे मांजरं, डुकरं, मोठे उंदीर, असाच समज होता.

२००० नंतरच्या हंगामांत रिचर्ड कथबर्ट आणि एरिका सॉमर यांना गफवर पिल्लं मोठ्या प्रमाणावर मरताना दिसली. २००४ साली रॉस वॉनलेस आणि आंद्रेया एंजल यांनी घरट्याशी कॅमेरे लावून रात्रीचं चित्रण केलं आणि शंका उरली नाही. आईबाप समुद्रावर गेलेले असतात. पिल्लू आठ-दहा किलोचं, मातीच्या उंचवट्यावर बसलेलं. अंधारात एक उंदीर येतो आणि पाठीमागे, शेपटीजवळ, पिसांतून शिरून चावतो. मग आणखी येतात. पिल्लू जागचं हलतं, थोडं वळतं, पण उठून पळत नाही आणि चोचीचा तडाखाही देत नाही. उंदीर हा शत्रू असतो हे त्याच्या रक्तातच नाही. जखम रोज रात्री मोठी होते. मरायला काही दिवस लागतात.

या हल्ल्यांमुळे गफवर ट्रिस्टन अल्बट्रॉसची साधारण तीसेक टक्केच घरटी यशस्वी होत आली. उंदीर नसलेल्या बेटांवर याच्या जवळच्या जातींची सत्तर टक्क्यांच्या आसपास होतात. बिळांत वीण करणाऱ्या पेट्रेलांची अवस्था आणखी वाईट होती. सगळ्या जाती मिळून गफवर दर वर्षी सतरा लाखांहून अधिक अंडी-पिल्लं उंदरांमुळे वाया जातात, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी उंदरांनी अंडी उबवणाऱ्या प्रौढ अल्बट्रॉसवरही हल्ला केल्याचं दिसलं. ही भर साधी नव्हती. दोन वर्षांत एक पिल्लू देणाऱ्या आणि अनेक दशकं जगणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत प्रौढ मरू लागले की संख्या फार वेगाने उतरते.

इथपर्यंतच्या मांडणीवर आज अभ्यासकांत मतभेद नाहीत. मतभेद पुढे सुरू होतात.

२०२१ ची मोहीम

बेटांवरचे उंदीर संपवायची रीत न्यूझीलंडमध्ये विकसित झाली. ब्रोडिफाकूम हे रक्त गोठू न देणारं विष धान्याच्या गोळ्यांत मिसळायचं आणि हेलिकॉप्टरला टांगलेल्या बादलीतून संपूर्ण बेटावर, एकही पट्टा न सोडता, टाकायचं. काम भर हिवाळ्यात करायचं, कारण तेव्हा उंदीर भुकेले असतात आणि बरेचसे पक्षी समुद्रावर असतात. अट एकच: शंभर टक्के. एक गाभण मादी उरली तरी सगळं व्यर्थ. याच रीतीने मॅक्वॉरी बेट २०१४ मध्ये ससे, मोठे उंदीर आणि घरउंदीर या तिन्हींतून मुक्त जाहीर झालं, २०१८ मध्ये अँटिपोडीस बेट आणि प्रचंड आकाराचं दक्षिण जॉर्जियाही.

या यशांच्या जोरावर ब्रिटनची पक्षिसंरक्षण संस्था आरएसपीबी आणि ट्रिस्टनचं शासन यांनी गफची आखणी केली. तयारीला दशकाहून अधिक काळ गेला. २०२० मध्ये माणसं बेटावर पोचलीही होती, तेवढ्यात कोविडमुळे सगळं थांबवून परतावं लागलं. २०२१ च्या हिवाळ्यात अखेर आमिष पडलं. गफवर दोनच जमिनीवरचे पक्षी आहेत, गफ फिंच आणि गफ पाणकोंबडी, आणि दोन्ही जगात मूळचे फक्त इथलेच. ते गोळ्या खातील म्हणून शेकडो पक्षी आधी पकडून, मोहीम संपेपर्यंत पिंजऱ्यांत सांभाळले गेले. अशा दूरच्या बेटावर, सतत पाऊस-वाऱ्यात, पकडलेल्या फिंचांना रोज ताजं खाणं देऊन जगवणं हे त्या मोहिमेतलं फारसं न सांगितलं गेलेलं अवघड काम होतं.

डिसेंबर २०२१ मध्ये एका स्वयंचलित कॅमेऱ्यात उंदीर दिसला. मग आणखी.

फसण्याचं कारण नक्की झालेलं नाही. एक शक्यता आमिष कमी पडल्याची: गफच्या सखल भागात बाहेरून आलेल्या बिनशंखाच्या गोगलगायी खूप आहेत आणि त्या गोळ्या खातात. उंदरांपर्यंत पुरेसं विष पुरेसे दिवस पोचलंच नसेल. या कारणाकडे आज सर्वांत जास्त बोट दाखवलं जातं. दुसरी शक्यता भूगोलाची: कड्यांच्या पोटातल्या गुहा आणि खबदाडी, जिथे वरून टाकलेलं काही पोचत नाही. तिसरी हवामानाची: मॅक्वॉरी, अँटिपोडीस ही बेटं गफपेक्षा थंड आहेत, गफवर हिवाळ्यातही काही उंदरांना दुसरं खाणं मिळत असेल. आणि काही उंदरांनी गोळ्यांना तोंडच लावलं नसेल, हेही शक्य आहे. ही कारणं एकमेकांना छेद देत नाहीत, पण कोणतं मुख्य यावर पुढच्या खेपेची सगळी आखणी ठरते. गोगलगायी असतील तर आमिष वाढवून, जास्त वेळा टाकून भागेल. गुहा असतील तर हेलिकॉप्टर पुरणारच नाही.

मोहिमेतून एक गोष्ट मात्र हाती लागली. उंदीर अगदी थोडे उरलेल्या त्या हंगामात पक्ष्यांची वीण कितीतरी सुधारली. वर्षानुवर्षं जवळजवळ रिकामी राहिलेली पेट्रेलांची बिळं भरली. उंदरांच्या हल्ल्यांमागे अन्नटंचाई, रोग अशी दुसरीच कारणं असतील, हा जुना आक्षेप त्यामुळे मावळला. पुढे उंदीर पुन्हा वाढत गेले.

तीन भूमिका

आज ढोबळमानाने तीन बाजू आहेत.

पहिली, पुन्हा प्रयत्न करा म्हणणाऱ्यांची. त्यांचा आधार असा की बेटांवर जुन्या काळात फसलेल्या मोहिमा दुसऱ्या खेपेला यशस्वी झालेल्या आहेत, आणि थांबण्याची किंमत दर वर्षी लाखो पिल्लांनी मोजली जाते. यांचं लक्ष सध्या हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या मॅरियन बेटाकडे आहे. तिथेही हीच कथा: १९४९ साली तिथल्या हवामान केंद्रातले उंदीर मारायला पाच मांजरं नेली, ती रानटी होऊन पक्षी खाऊ लागली, १९९१ पर्यंत ती संपवली, आणि आता उंदीर अल्बट्रॉस खात आहेत. मॅरियन गफच्या चौपटीहून मोठं आहे. दक्षिण आफ्रिकेचं सरकार आणि बर्डलाइफ साउथ आफ्रिका तिथे मोहीम आखत आहेत. तिथे जे घडेल त्यावर गफचं बरंच अवलंबून आहे, कारण निधी देणारे आणि अनुभवी वैमानिक तेच ते आहेत.

दुसरी बाजू विषाला नैतिक हरकत घेणाऱ्यांची. ब्रोडिफाकूमने मरणारा उंदीर काही दिवस आतून रक्तस्राव होऊन मरतो. पिल्लाची वेदना मोजायची आणि उंदराची नाही, हे कसं, असा त्यांचा प्रश्न आहे. कारुण्याधारित संवर्धन म्हणून ही विचारसरणी गेल्या दशकात पुढे आली आणि तिचे पुरस्कर्ते जातीपेक्षा एकेका जिवाकडे पाहा म्हणतात. त्यांच्या मांडणीतला कच्चा दुवा हा की काहीच न करणं हेही इथे एक करणंच आहे: उंदीर तिथे निसर्गाने गेलेले नाहीत. बळकट दुवा हा की मोहीम फसली तर एका बाजूचं दुःख तर घडून गेलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूचा फायदा हाती येत नाही. २०२१ नंतर या आक्षेपाला अधिक वजन आलं आहे, हे समर्थकांनीही मान्य करायला हवं असं मला वाटतं.

तिसरी बाजू थांबा म्हणते. ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की उंदरांच्या जनुकांत असा बदल करता येतो की माद्या वांझ होत जातील आणि हा बदल पिढ्यान्‌पिढ्या पसरत जाईल. विष नको, हेलिकॉप्टर नको. पण हे अजून प्रयोगशाळेत आहे, आणि असा एखादा उंदीर जहाजात बसून मुख्य भूमीला पोचला तर काय, याचं सर्वमान्य उत्तर नाही. गफसारखं दूरचं बेट पहिल्या चाचणीसाठी आदर्श, असं काहींना वाटतं. ट्रिस्टन अल्बट्रॉसजवळ तेवढा वेळ आहे का, हा प्रतिप्रश्न.

समुद्रावरचा अर्धा प्रश्न

उंदरांवरच सगळं लक्ष देण्याला एक जुना आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. ट्रिस्टन अल्बट्रॉस आयुष्याचा मोठा भाग दक्षिण अमेरिका ते आफ्रिका या पट्ट्यात समुद्रावर काढतो. तिथे ट्यूनासाठी किलोमीटरच्या किलोमीटर दोऱ्या टाकतात, त्यांना हजारो गळ. गळाचं आमिष पाण्यावर असेपर्यंत पक्षी त्यावर झडप घालतो, अडकतो आणि दोरीबरोबर खाली ओढला जातो. २००९ मध्ये वॉनलेस आणि सहकाऱ्यांनी दोन्ही धोक्यांचा एकत्र हिशेब मांडला. निष्कर्ष असा की एकच धोका दूर करून ही जात सावरणार नाही. पिल्लं उंदरांनी मारली तर प्रौढांची जागा घ्यायला कुणी येत नाही; प्रौढ गळांनी मारले तर पिल्लं वाचवूनही उपयोग नाही.

उपाय माहीत आहेत आणि महागही नाहीत: रात्री दोरी टाकणं, ती लवकर बुडावी म्हणून वजनं लावणं, मागे फडफडणाऱ्या पट्ट्या लावून पक्षी दूर ठेवणं. दक्षिण जॉर्जियाच्या पाण्यात हे कडकपणे लागू केल्यावर मृत्यू जवळजवळ थांबले. खुल्या समुद्रावर मात्र पाळलं जातं की नाही हे पाहणारं कुणी नसतं. ट्रिस्टनने २०२० मध्ये आपल्या भोवतीचा ६,८७,२४७ चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित म्हणून जाहीर केला. त्यातल्या सुमारे नव्वद टक्क्यांत मासेमारी बंद. अडीचशे माणसांच्या समाजाने घेतलेला हा निर्णय मोठाच आहे. पण अल्बट्रॉस त्या रेषेबाहेर हजारो किलोमीटर जातो, आणि तिथे ट्रिस्टनचं काही चालत नाही.

जहाजांचा धोका वेगळाच. मार्च २०११ मध्ये ब्राझीलहून सोयाबीन घेऊन निघालेलं ‘ओलिव्हा’ हे मालवाहू जहाज सरळ नाईटिंगेलवर चढलं. दीड हजार टन इंधनतेल होतं. बेटवासीयांनी तेलात माखलेले सुमारे ३,७०० रॉकहॉपर पेंग्विन गोळा करून मुख्य बेटावर आणले. गावातल्या शेडांमध्ये त्यांना धुतलं, पोहण्याच्या तलावात सोडलं, शेवंडांच्या होड्यांनी पकडलेले मासे हाताने भरवले. तरी दहातला एकच वाचला. सगळ्यांत जास्त भीती मात्र तेलाची नव्हती. जहाजातून उंदीर उतरले असते तर नाईटिंगेल गेलं असतं. तातडीने किनाऱ्यावर आमिषाच्या पेट्या लावल्या. उंदीर नव्हते, हे नशीब.

वस्तीच्या बेटावर

गफवर माणसाला विचारायचं तर सरकारी दारात विचारायचं. मुख्य बेटावर तसं नाही. तिथे काळे उंदीर आहेत, घरउंदीर आहेत, गुरं आहेत, मेंढ्या, कुत्री, आणि गावापासून तीनेक किलोमीटरवर दगडी गडगे घातलेले बटाट्याचे वाफे. बटाटा इथे एके काळी चलन होता. १९४६ साली तयार केलेल्या पहिल्या तिकिटावर किंमत छापली होती एक पेनी किंवा चार बटाटे. काळे उंदीर याच बटाट्यांवर पडतात. म्हणून वर्षातून एकदा गावाला उंदरांसाठी सुट्टी असते. तुकड्या पाडून सगळे कुत्र्यांसह वाफ्यांवर जातात, गडग्यांचे दगड उपसतात, आणि संध्याकाळी शेपट्या मोजल्या जातात. सर्वांत जास्त शेपट्यांना बक्षीस, सर्वांत लांब शेपटीलाही.

म्हणजे इथल्या लोकांना उंदरांचं प्रेम आहे असं नाही. मुख्य बेटही मुक्त करावं असा विचार पुढे आला, त्याच्या शक्यतेचे अभ्यास झाले. लोकांच्या शंका व्यवहाराच्या आहेत. विष पडेल तेव्हा गुरं कुठे ठेवायची? लहान मुलं? कुत्री? बटाटे त्या वर्षी खायचे का? शेवंडांच्या निर्यातीवर बेटाचं उत्पन्न चालतं. विषाचा नुसता संशय आला तरी बाजार जाईल. आणि एवढं करून एखाद्या जहाजातून पुन्हा एक जोडी उतरली तर? गफ फसल्यानंतर या प्रश्नांना उत्तर देणं सोपं राहिलेलं नाही.

संवर्धनाच्या लिखाणात हे लोक कधी अडथळा म्हणून येतात तर कधी राखणदार म्हणून. दोन्ही चित्रं अपुरी आहेत. यांच्या पूर्वजांनी गोनी संपवला, मुख्य बेटावरची मूळची पाणकोंबडी संपण्यातही माणसांचा आणि त्यांच्या प्राण्यांचा हात होता; पुढे १९५६ मध्ये गफची पाणकोंबडी आणून सोडली, ती आज बेटभर आहे. त्याच लोकांनी १९७६ पासून पक्ष्यांसाठी कायदे केले, नाईटिंगेल आणि इनॅक्सेसिबलवर जाणारी प्रत्येक होडी उंदरांसाठी तपासण्याची शिस्त ठेवली. या दोन बेटांवर आजही उंदीर नाहीत, याचं मुख्य श्रेय त्या शिस्तीला आहे. इनॅक्सेसिबलच्या किनाऱ्यावर आता जहाजांवरून फेकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या वाढत चालल्या आहेत, त्यांतल्या बहुसंख्य आशियातल्या. त्याला गावकरी काय करणार?

अजून उघडे राहिलेले धागे

उंदरांइतकी प्रसिद्धी न मिळालेले दोन प्रश्न तितकेच अवघड आहेत. नाईटिंगेलच्या फिलिकांवर खवले कीड आली आहे. ती रस शोषते, तिच्या चिकट स्रावावर कोळशी बुरशी धरते, झाडं काळी पडून वाळतात. फळं गेली की जाड चोचीचा फिंच गेला, कारण तो त्या फळांवरच जगतो. २०२१ पासून त्या किडीत अंडी घालणाऱ्या मित्रकीटक गांधीलमाश्या सोडल्या जात आहेत. एक परका जीव आवरायला दुसरा परका जीव आणणं बेटांवर पूर्वी अनेकदा अंगाशी आलेलं आहे, म्हणून हे पाऊल खूप तपासून टाकलं गेलं. झाडं सावरतील का, हे ठरायला वर्षं लागतील.

दुसरा, रॉकहॉपर पेंग्विनचा. गेल्या शतकात त्यांची संख्या फार घसरली, गफवर तर सर्वांत जास्त. उंदीर याचं कारण दिसत नाहीत. समुद्रातलं अन्न हललं असेल, वाढलेल्या सीलांशी स्पर्धा असेल, रोग असेल. एकेक कारण तपासलं जातं आणि पुरेसं ठरत नाही.

गफवर पुढची मोहीम कधी, याची तारीख ठरलेली नाही. आमिषाच्या गोळ्या गोगलगायींना नकोशा पण उंदरांना हव्याशा कशा करायच्या, यासारख्या प्रश्नांची उत्तरं आधी लागतील. दरम्यान २०२१ च्या अखेरीस, उंदीर सर्वांत कमी असताना, जी अल्बट्रॉसची पिल्लं गफवरून उडाली ती आज समुद्रावर आहेत. ती पहिल्यांदा घरटं करायला परततात ती साधारण आठ-दहा वर्षांची झाल्यावर. त्या एका चांगल्या हंगामाचा जमिनीवर काही ठसा उमटला का, हे २०३० च्या आसपासच्या मोजणीत कळेल, आणि तोवर त्यांतली किती गळांतून वाचली हेही.